नव्वदाव्या दिवशीचे फोन

तक्त्यात एकशे अठरा ओळी आहेत.
शेवटच्या रकान्यात फक्त एक आकडा भरायचा.
एक म्हणजे घरी गेला. दोन म्हणजे गेला.
एवढासा 'घरी' गळला की केवढं होतं,
पण हे डॉक्टर भदौरियांना सांगून उपयोग नाही,
त्यांना मराठी येत नाही.
तीन म्हणजे सल्ला न मानता नेला,
चार, दिल्लीला पाठवला.
पाच नाही.

कंपूतली ही नोंदणीची खोली, जानेवारी,
हिटर दोनच तास लावायची परवानगी.
आठ दिवस झाले, किल्ला धुक्यातून बाहेर आलेला नाही.
चहाच्या ग्लासवर बोटं शेकत मी
आश्विनातल्या फायली उघडते:
ताप किती दिवस, ऑक्सिजन किती लिटर,
आल्याआल्या बोटावरचा चिमटा काय म्हणाला.
एक्याऐंशी. शहात्तर. अठ्ठ्याऐंशी.
एकाचं नुसतंच, 'बोटं गार, आकडा येत नाही'.

ओळ चौदा. भिंडकडचा, वय चौतीस.
तिसऱ्या रात्री भावांनी उचलून नेला.
अंगठ्याशेजारी कुणीतरी मोबाइलचा नंबर
इतका सुवाच्य लिहिलाय,
जणू आम्हीच फोन करून परत बोलावू.
तीन.
नंबर बंद आहे.

ओळ एकोणचाळीस. कुमुदिनी बोरगावकर, एकाहत्तर, दौलतगंज.
सहाव्या दिवशी मास्कच्या आत सारखं काही बोलत होत्या.
सिस्टर पुष्पलता धावत खाली आली,
"मॅडम, आप मराठी हो ना? अम्मा क्या माँग रही हैं, चलो ज़रा."
गेले. वाकले. हवेच्या सुसाट्यातून ऐकू आलं,
कढी उतू जाईल. अगं, कढी उतू जाईल.
सिस्टरला सांगितलं, पाणी नको, दुखतही नाही,
चूल्हे पर कढ़ी है.
ती हसली नाही. पडद्यावरच्या आकड्याकडे बघत म्हणाली,
"तो उतार दो."
उतरवली हो काकू, मी म्हटलं, गॅस बंद केलाय.
त्यांनी डोळे मिटले. ऑक्सिजन नव्वदवर चढला,
तासभर तिथंच राहिला.
हे फायलीत आहे. का, ते नाही.
अकराव्या दिवशी, दोन.

डॉक्टर म्हणतात, साठीपुढच्यांना धोका अडीच पट दिसतोय,
लस घेतलेले चारच, त्यावर काही बोलता येणार नाही,
आणि उशिरा आलेले वेगळे काढा.
उशिरा आलेले मी वेगळे काढते.
सोयाबीनची कापणी होती. पोरीची सोयरीक होती.
जीपवाला दसऱ्याला गावी गेला होता.
सर्दीच तर होती.

नव्वदाव्या दिवशी फोन करायचे.
चालताना दम लागतो का?
आधीचं काम पुन्हा सुरू केलंत का?
ओळ सत्तावन्न. हरचरण राठौर, हजिऱ्याला गजक कुटायचा,
सतरा दिवस होता, त्यातले पाच नळीवर.
मुलगी फोन उचलते, वर हाक मारते.
मग जिना ऐकू येतो.
पायरी, खोकला. पायरी, पायरी.
थांबणं.
मोजायचं नाही असं ठरवते आणि बारापर्यंत जाते.
"जी, बिलकुल," तो म्हणतो,
आणि 'ठीक हूँ' येईपर्यंत
माझा एक श्वास घेऊन, सोडून झालेला असतो.
काम?
"अब तौलता हूँ. कूटते लड़के हैं."
त्याच्यामागे तीन मोगऱ्या पडताहेत,
गूळ, तीळ, लाकूड,
आणि एक जरा मागे राहते.
फोन बाजूला न धरताच तो ओरडतो,
"अरे, मरे हाथ से नहीं!"
तेवढ्याला त्याची हवा पुरते.
मग बराच वेळ नुसता खोकला, आणि मुलगी,
"पापा, पानी."

सत्तावन्नचं काय, डॉक्टर विचारतात.
एक, मी सांगते.
उरलेलं मनात, मराठीत:
घरी गेला.
'घरी' जरा जपून.